एका रात्रीत चार इंडी-फोक सेट: नागपुरात ते नीट कसे ऐकायचे

तीन-चार इंडी-फोक कलाकार, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतःची गाणी लोकसंगीताच्या वळणानं गाणारे, एकाच रात्री गाणार असले की बहुतेक लोक पोस्टरवरचं सगळ्यात मोठं नाव पाहतात, ते किती वाजता स्टेजवर येईल याचा अंदाज बांधतात आणि तेवढ्या वेळेला पोचतात. तोवर दोन गायक गाऊन गेलेले असतात आणि चांगल्या खुर्च्या भरलेल्या असतात. तिसऱ्याचा सेट, म्हणजे त्याची स्टेजवरची सलग गाणी, जेवणाच्या रांगेत जातो, आणि मुख्य कलाकाराची शेवटची गाणी 'आता ऑटो मिळेल का' या काळजीत. पूर्ण तिकीट काढून जेमतेम पाऊण तास गाणं पदरात पडतं. मग बाहेर पडताना ऐकू येतं, "काही मजा नाही आली बाप्पा."

अशी रात्र शेवटाकडून सुरुवातीकडे आखावी लागते, आणि पहिला गायक हा तिच्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मानावा लागतो. खालचे टप्पे त्याच हिशेबानं लावले आहेत. क्रम बदलू नका, कारण बहुतेक चुका क्रमातच होतात.

१. घड्याळ शेवटापासून लावा

कार्यक्रम मैदानात किंवा लॉनवर असेल तर रात्रीचे १० ही भिंत आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ १२ पर्यंत वाढवू शकतं, पण ते दिवस बहुधा सणावारांकडे जातात. तुमच्या कार्यक्रमाला सवलत आहे असं आयोजकांनी स्पष्ट सांगितलं नसेल, तर १० धरूनच चला.

आता मागे मोजा. चार सेट आहेत आणि दोन सेटमध्ये स्टेज बदलायला २० मिनिटं लागतात असं धरू. मुख्य कलाकार ९:०५ ते १०. तिसरा ८ ते ८:४५. दुसरा ७:०५ ते ७:४०. पहिला ६:१५ ते ६:४५. म्हणजे गेट साडेपाचला उघडणार. चार कलाकारांची रात्र ही खरं तर संध्याकाळ असते, हे या हिशेबातूनच कळतं.

'उशिरा सुरू झालं म्हणजे उशिरा संपेल' ही सगळ्यात महाग पडणारी समजूत आहे. उघड्यावरचा कार्यक्रम उशिरा सुरू झाला तर तो आखूड होतो. पाऊण तास उशीर झाला की तो कुणाच्या तरी सेटमधून कापला जातो. कधी पहिल्या गायकाची सहा गाण्यांची तीनच होतात, कधी मुख्य कलाकाराला शेवटची गाणी गाळावी लागतात. बंद सभागृहाला या नियमात सूट आहे. तिथे आतल्यापुरता आवाज दहानंतरही चालतो, पण सभागृह ठरावीक वेळेपुरतंच भाड्यानं घेतलेलं असतं, त्यामुळे गणित तेच राहतं.

*तपासा:* तिकिटावरची वेळ गेटची आहे की गाण्याची? कुठला कलाकार किती वाजता, हे बरेच आयोजक आदल्या दिवशी किंवा त्याच दुपारी इन्स्टाग्रामवर टाकतात. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

२. आधी जागा पारखा, मग तिकीट काढा

इंडी-फोक हे बहुतांश कमी आवाजाचं संगीत आहे. अकूस्टिक (विजेशिवाय वाजणारी) गिटार, युकुलेले ही छोटी चार तारांची गिटार, मँडोलिन, कहोन हे वर बसून वाजवायचं लाकडी खोकं, कधी एकतारी किंवा डिमडी, आणि त्यावर एखाद-दुसरा गळा. ढोल-ताशा किंवा डीजे कुठल्याही जागेत ऐकू येतो. हे संगीत मात्र जागेच्या भरवशावर असतं.

सिव्हिल लाइन्समधलं डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह, रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह, लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सभागृह, यांसारख्या बंद जागांत श्रोते बसून ऐकतात. कुजबुज कमी असते आणि शब्द कळतात. मला स्वतःला अशा रात्रीसाठी हीच जागा सगळ्यात योग्य वाटते. चार सेट उभ्यानं ऐकले की तिसऱ्यापासून पाय गाण्यावर मात करू लागतात.

मोकळ्या जागेत, उदाहरणार्थ दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारासारख्या ठिकाणी, हवा आणि ऐसपैसपणा मिळतो, पण आवाज पांगतो. तिथे बसायची जागा आधी ठरवणं भाग आहे. ती कुठे धरायची ते सहाव्या टप्प्यात येईल.

कॅफे आणि पब धरमपेठ, रामदासपेठ, सदर या भागांत आहेत. इथे तिकीट काढण्याआधी फोन करून दोनच गोष्टी विचारा. गाणं चालू असताना ऑर्डर घेणं सुरू असतं का? आणि कॉफी मशीन किंवा बार स्टेजपासून किती लांब आहे? गाण्यातल्या शांत क्षणी मिक्सर घुर्र झाला की अख्खं कडवं वाया जातं. पब असेल तर वयाचाही प्रश्न येतो. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण असावी लागतात. काही जागा २१ खालच्यांना आतच घेत नाहीत. कॉलेजची मंडळी सोबत असेल तर हे आधी विचारा आणि ओळखपत्र न्या.

*सावध:* डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू असताना कार्यक्रम असेल, तर सिव्हिल लाइन्स, झिरो माइल, मॉरिस कॉलेज टी-पॉइंट हा सगळा पट्टा बॅरिकेड्स आणि मोर्चांनी अडलेला असू शकतो. नेहमीच्या वीस मिनिटांच्या रस्त्याला तासभर धरा. वाहतूक पोलिसांनी कुठले रस्ते वळवलेत ते त्या सकाळी पेपरात पाहा.

३. ऐकून जा, पण थोडंच

प्रत्येक कलाकाराची तीन गाणी ऐका, त्यातलं एक लाइव्ह रेकॉर्डिंग असू द्या. स्टुडिओत दहा वाद्यांनी सजवलेलं गाणं मंचावर एकटी गिटार घेऊन गायलं जातं, आणि ते माहीत नसेल तर पहिली दहा मिनिटं 'हे वेगळं का वाटतंय' यातच जातात.

ऐकताना तीन गोष्टी टिपा: भाषा कुठली, एकटा गायक की बँड, मुख्य वाद्य कोणतं. इंडी-फोक या एकाच नावाखाली फार निरनिराळं संगीत येतं. अरुणाचलचा ताबा चाके गिटार आणि युकुलेले बोटांनी छेडत निशी, हिंदी, इंग्रजीत गातो. कोचीचा 'व्हेन चाय मेट टोस्ट' हा बँड उसळत्या चालीवर सगळ्यांना गायला लावतो. मुंबईचा 'अभंग रीपोस्ट' संतांचे अभंग गिटार-ड्रम्सच्या साथीनं म्हणतो. असे तिघे एका रात्रीत आले तर पहिल्यासाठी शांतता लागेल, दुसऱ्यासाठी पाय मोकळे लागतील आणि तिसऱ्याचे शब्द तुम्हाला आधीच पाठ असतील. कुठल्या सेटला पुढे बसायचं आणि कुठल्या सेटला मागे उभं राहायचं, हे यावरून घरीच ठरतं.

सगळ्यात जास्त वेळ सर्वांत कमी माहितीच्या नावाला द्या. मुख्य कलाकाराची गाणी तुमच्या कानावरून गेलेलीच असतात. पहिला गायक बहुधा आपल्याच भागातला, नव्यानं लिहिणारा असतो आणि त्याच्या समोर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात. त्याच्या एका गाण्याचं धृपद तुम्हाला येत असेल तर त्या वेळी हॉलमध्ये काय फरक पडतो, ते एकदा करूनच पाहा.

४. परतीची सोय जाण्याआधी

जायची सोय सगळे पाहतात, परतीची कोणी पाहत नाही. मेट्रोच्या शेवटच्या गाड्या साधारण रात्री दहाच्या सुमारास सुटतात. कार्यक्रम बरोबर दहाला संपणार असेल तर मेट्रो धरता येईल, असं समजू नका. त्या दिवशीची शेवटच्या गाडीची वेळ ऍपवर पाहा आणि सीताबर्डीला ऑरेंज लाइनवरून ऍक्वा लाइनवर बदलायचं असेल तर दोन्ही मार्गांची पाहा. पहिली मिळाली आणि दुसरी गेली, असं होतं.

माझ्या मते उत्तम मार्ग असा: जाताना मेट्रो, येताना आधी ठरवलेला ऑटो किंवा मित्राची गाडी. सभागृहाच्या दारातच कॅब बोलावू नका. चारशे लोक एकाच ठिकाणाहून बोलावत असतात, म्हणून भाडं चढतं आणि चालक रद्द करतो. पाच-सात मिनिटं चालून पुढच्या चौकात जा, तिथून बोलावा. दुचाकीनं गेलात तर पार्किंगच्या बाहेर जाणाऱ्या बाजूला लावा.

*तपासा:* घरच्यांना कार्यक्रम संपण्याची नव्हे, घरी पोचण्याची वेळ सांगितली आहे का?

५. पोट, कपडे, खिसा

साडेपाचच्या आत नीट खाऊन घ्या. मात्र सावजी रस्सा त्या दिवशी नको. चार-साडेचार तास बसायचं आहे, आणि तहान-छातीत जळजळ यांनी तिसरा सेट खराब होतो. वरण-भात, पोळी-भाजी किंवा तर्री बेताची घालून पोहे, एवढं पुरे. सावजी खायचीच असेल तर दुसऱ्या दिवशी खा.

हिवाळ्यात नागपुरात दुपारी टी-शर्टवर फिरता येतं आणि रात्री पारा १० अंशांच्या खाली जाऊ शकतो. मोकळ्या मैदानात बसल्या जागी थंडी दुप्पट वाटते. स्वेटर, कानटोपी आणि खाली घालायला जाडसर चादर घ्या. दुपारच्या उन्हावर भरवसा ठेवून निघालेले लोक मुख्य कलाकाराच्या आधीच उठून जाताना मी नेहमी पाहते.

खिशात असावं ते: पूर्ण चार्ज फोन, तिकिटाचा क्यूआर, ओळखपत्र, थोडी रोख, इअरप्लग. गर्दीत नेटवर्क बसतं, यूपीआय फिरत राहतं, म्हणून रोख. क्यूआरचा स्क्रीनशॉट घरूनच काढा. काही ऍप दर थोड्या वेळानं बदलणारा कोड दाखवतात, तिथे स्क्रीनशॉट चालत नाही. अशा वेळी गेटच्या रांगेत शिरण्याआधी, नेटवर्क असेल तिथेच, तिकीट उघडून ठेवा. मोठी बॅग नेऊ नका. ती तपासणीत अडते आणि आत पायाशी येते.

*सावध:* मनगटाला पट्टा बांधला म्हणजे बाहेर जाऊन परत येता येईलच असं नाही. 'पुन्हा प्रवेश आहे का' हे आत जाताना विचारा. नसेल तर बाहेरचा चहा विसरा.

६. पोचल्यावरचा अर्धा तास

आत गेल्यावर लगेच बसू नका. आधी पाणी, स्वच्छतागृह आणि दुसरं दार कुठे आहे ते पाहून घ्या. सोबत गट असेल तर हरवल्यास कुठे भेटायचं, ती जागा ठरवा. फोन लागेलच असं धरू नका.

मग जागा. ध्वनिसंयोजक आवाज कमी-जास्त करायचं यंत्र (मिक्सर) घेऊन जिथे बसलेला असतो, त्या जागेच्या आसपास आवाज सगळ्यात समतोल असतो, कारण तो स्वतःच्या कानांनी ऐकूनच आवाज लावतो. मोकळ्या मैदानात त्याच्या किंचित पुढे, मधोमध जागा धरा. अगदी पहिल्या रांगेत बसलात तर स्पीकर तुमच्या दोन बाजूंना जातात, समोरून फक्त स्टेजवरचा आवाज येतो आणि शब्द हरवतात. लहान कॅफेत मात्र उलट आहे. तिथे माइकविना येणारा वाद्याचा नाद ऐकण्यासाठी तिसरी-चौथी रांग उत्तम. भिंतीला चिकटून किंवा कोपऱ्यात बसू नका, तिथे खर्ज घुमतो.

लवकर गेल्यावर साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, कानावर पडला तर लक्ष द्या. तो बहुधा उलट क्रमानं होतो: मुख्य कलाकाराचा आधी, पहिल्या गायकाचा सगळ्यात शेवटी, म्हणजे त्याची मांडणी स्टेजवर तशीच राहते आणि कार्यक्रम लगेच सुरू करता येतो. तयारीला उशीर झाला तर पहिल्या गायकाला सगळ्यात कमी वेळ मिळतो. त्याच्या पहिल्या गाण्यात आवाज थोडा बिघडलेला वाटला, तर हे लक्षात असू द्या आणि दुसऱ्या गाण्यापर्यंत थांबा.

७. सेट चालू असताना

इथे नियम एकच आहे, गाणं सुरू असताना बोलायचं नाही. रॉकच्या कार्यक्रमात शेजाऱ्याशी बोललं तरी कुणाला कळत नाही. इथे तुमचं वाक्य चार रांगांना ऐकू जातं आणि माइकमध्येही शिरतं. सोबत्याला काही सांगायचंच असेल तर गाणं संपेपर्यंत थांबा, गाणं चार मिनिटांचं असतं.

गाणं मधेच थांबवून गायक गिटार सुरात लावू लागला की लोक 'अरे, सुरू करा' म्हणून ओरडतात. हे टाळाच. थंडीत तारा आकसतात, स्वर चढतो, आणि स्टेजवरच्या दिव्यांच्या उष्णतेनं पुन्हा उतरतो. डिमडी-हलगीसारख्या चामड्याच्या वाद्यांचं याच्या उलट आहे. दमट हवेत कातडं सैल पडतं, म्हणून वादक ती शेकून घेतात. सूर लावायला दिलेलं ते अर्धं मिनिट पुढच्या गाण्यासाठीच असतं.

टाळ्यांच्या ठेक्याचंही तसंच. अकूस्टिक सेटमध्ये साथीला ड्रम नसेल तर सगळ्यांच्या टाळ्या हळूहळू पळू लागतात आणि गायकाला त्यांच्यामागे धावावं लागतं. गायकानं स्वतः हात वर करून ठेका दिला तरच टाळी धरा, आणि त्यानं थांबवली की थांबा.

वन्स मोअर संगीत नाटकापासून आपल्या अंगात मुरलेला आहे, पण तो शेवटच्या कलाकारासाठी राखून ठेवा. पहिल्या तिघांना वेळ वाढवून मिळत नाही. त्यांनी एक गाणं जास्त गायलं तर ते पुढच्याच्या वेळेतून जातं. त्यांचं गाणं आवडलं हे सांगायची जागा वेगळी आहे, ती पुढच्या टप्प्यात येईल.

व्हिडिओ? एका कलाकाराचं एक गाणं, फोन छातीच्या उंचीवर, फ्लॅश बंद, स्क्रीनचा उजेड कमी. तेवढं पुरतं.

८. मधली वीस मिनिटं

रात्र इथेच जमते किंवा बिघडते. सेट संपला की सगळे एकदम उठतात, एकदम रांगेत लागतात आणि एकदम परत येतात. पुढचं गाणं सुरू झालेलं असतं आणि अंधारात लोकांचे पाय तुडवत ते जागा शोधत असतात.

तुम्ही पहिली पाच-सहा मिनिटं रांगेत घालवू नका. त्या वेळात नुकताच गाऊन उतरलेला कलाकार सीडी, टी-शर्ट मांडलेल्या टेबलाजवळ येतो. तिथे जा. त्याचं कुठलं गाणं आवडलं ते नाव घेऊन सांगा, जमलं तर काही विकत घ्या. ऑनलाइन ऐकण्यातून या मंडळींच्या हाती फार थोडं येतं, टेबलावर दिलेले पैसे थेट त्यांच्याकडे जातात. मुख्य कलाकाराला भेटायला नंतर गर्दी असते, पहिल्या गायकाशी मात्र दोन मिनिटं निवांत बोलता येतं. गाण्याचा अर्थ, चाल कुठून आली, पुढे कुठे गाणार आहे, हे विचारा.

मग, रांग ओसरल्यावर, साधारण आठव्या-दहाव्या मिनिटाला स्वच्छतागृह आणि पाणी. पंधराव्या मिनिटाला जागेवर. दोघं असाल तर आळीपाळीनं जा, म्हणजे जागा जात नाही.

जेवणाची मोठी खेप एकदाच करा, दुसऱ्या आणि तिसऱ्या सेटच्या मध्ये. तोपर्यंत भूक लागलेली असते आणि मुख्य कलाकाराआधीची झुंबड सुरू झालेली नसते. कुरकुरीत पाकिटं आत नेऊ नका.

*तपासा:* तिसऱ्या सेटनंतर फोनची बॅटरी पाहा. परतीच्या ऑटोसाठी वीस टक्के तरी राखून ठेवा.

९. कानांचा हिशेब

'फोक आहे, कानांना काय होणार' असं धरू नका. मुख्य बँडकडे ड्रम्स आणि बेस असतील तर आवाज बराच चढतो. नायॉश या अमेरिकी सरकारी संस्थेच्या निकषाप्रमाणे ८५ डेसिबलला आठ तास चालतात, आणि त्यावर दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. चार सेटचा आवाज साचत जातो, म्हणून मधल्या वेळात स्पीकरवर लावलेल्या संगीतापासून लांब, बाहेर उभे राहा.

कापसाचे बोळे उपयोगी नाहीत. फोमचे प्लग आवाज कमी करतात, पण गाणं बोदं ऐकू येतं. संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग घेतले तर शब्द स्पष्ट राहतात. लहान मूल सोबत असेल तर त्याच्या कानांवर इअरमफ हवेतच, आणि जागा स्पीकरपासून लांब.

१०. एका रात्रीत दोन ठिकाणं करायची असतील तर

शक्यतो करू नका. करायचीच असतील तर दोन्ही एकाच पट्ट्यात हवीत: शंकरनगर, धरमपेठ, रामदासपेठ, फार तर सिव्हिल लाइन्स. रेशीमबागेतून सदरला मध्येच धावणं म्हणजे एक पूर्ण सेट सोडून देणं. पहिल्या ठिकाणचे दोन सेट पूर्ण ऐका, सेटच्या मधल्या वेळात निघा, दुसऱ्या ठिकाणी शेवटचे दोन धरा. गाणं चालू असताना उठू नका. आणि दुसऱ्या जागेचं तिकीट दारावर मिळेल या भरवशावर जाऊ नका.

११. दुसऱ्या दिवशी सकाळी

चार कलाकारांची गाणी एका झोपेत एकमेकांत मिसळतात. म्हणून रात्री घरी पोचल्यावर फोनमध्ये चार ओळी लिहा: कोण, कुठलं गाणं, त्यातली आठवणारी एक ओळ. सकाळी त्यावरून गाणी शोधा आणि पहिल्या दोघांना फॉलो करा. कान वाजत असतील तर त्या दिवशी हेडफोन लावू नका. एक-दोन दिवसांत थांबलं नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

आयोजकांनाही लिहा. वेळ पाळली असेल तर तसं, आणि पहिल्या गायकाचा सेट कापला गेला असेल तर तेही, कितीची वेळ होती आणि किती मिळाली यासकट. श्रोते मुख्य नावापलीकडेही कान देतात हे आयोजकांना कळलं, तर पुढच्या वेळी पहिल्या गायकाला पंधरा मिनिटं जास्त मिळू शकतात.